क्लचचं काम झाल्यापासून डाव्या चाकाच्या आतून तेल गळतंय, फक्त अ‍ॅक्सल सील बदलायचं की अख्खा ड्राइव्ह शाफ्ट?

कराडचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन पाहिजे. गाडी २०१५ ची डिझेल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पुढच्या चाकांवर चालणारी, लाखाच्या वर पळालीय. दिवाळीच्या आधी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलून घेतला, गॅरेज ओळखीतलंच आहे, नाव घेत नाही. क्लच झकास झाला, पेडल एकदम हलकं. पण त्यानंतर पार्किंगमध्ये डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला डाग दिसायला लागले. सुरुवातीला वाटलं एसीचं पाणी असेल, पण बोट लावलं तर चिकट, काळपट, आणि वास असा घाण की हात धुवूनही जात नव्हता.

गॅरेजवाल्याला दाखवलं तर म्हणाला "सील जुनं झालेलं, आम्ही तिथं हात लावलेला नाही, गाडीचं वय झालं". दुसऱ्याकडे गेलो तर त्यानं खाली वाकून बघितलं आणि सरळ सांगितलं की ड्राइव्ह शाफ्ट (गिअर बॉक्समधून चाक फिरवणारा दांडा) गेला, पूर्ण बदलायला लागेल, नऊ-दहा हजार धरून चला. तिसरा म्हणाला काही नाही, तेल टॉप अप करत राहा. आता तीन माणसं तीन गोष्टी सांगतात म्हणल्यावर माझ्यासारख्या माणसानं करायचं काय. चालवताना आवाज वगैरे काही नाही, वळताना कटकट पण नाही. पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन कोकणात उतरायचंय, कुंभार्ली घाटानं, म्हणून टेन्शन आहे.

---

निवांत_ड्रायव्हर
एवढं काय मनावर घेताय राव, जुन्या गाडीला थोडं तेल गळणारच. माझी तर चार वर्षं गळतीय, खाली पुठ्ठा टाकून ठेवतो. बाजारात सील फुगवणारं लिक्विड मिळतं ते गिअर बॉक्समध्ये ओता, बंद होऊन जाईल. उगाच पैसे घालवू नका.

---

पाना_नंबर_चौदा
कराडकर, आधी एक गोष्ट सांगतो मग बाकीचं. "आम्ही तिथं हात लावलेला नाही" हे वाक्य तुमच्या केसमध्ये बसत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा क्लच बदलायचा म्हणजे गिअर बॉक्स खाली घ्यायला लागतो आणि गिअर बॉक्स खाली घ्यायचा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट त्याच्यातनं बाहेर ओढायलाच लागतात, दुसरा रस्ता न्हाई. शाफ्ट जिथं गिअर बॉक्समध्ये शिरतो बरोबर तिथंच तेल अडवणारं ते सील बसलेलं असतंय. म्हणजे हात लागलाच की.

आता नेमकं काय होतंय बघा. शाफ्टच्या आतल्या टोकाला दाते असतात. शाफ्ट परत घालताना तो सरळ आडवा धरून, हळू, मधोमध आत न्यायचा असतो. घाईत असलेला पोरगा शाफ्ट लोंबता ठेवून ढकलतो, सगळं वजन सीलच्या ओठावर, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबराच्या कडेवर, येतं आणि ते दाते ओठाला खरवडून जातात. नखाएवढी चीर पडली तरी बास. कधी कधी ओठाच्या मागं एक बारीक गोल स्प्रिंग असते ती निसटते, मग ओठ शाफ्टला धरूनच ठेवत न्हाई. शाफ्टच्या टोकाला तारेचं एक लॉक असतं, आम्ही सर्कलिप म्हणतो, ते नवीन घालायला पाहिजे आणि शाफ्ट आत गेल्यावर 'टक' असं बसायला पाहिजे. ते नीट बसलं नसलं तर शाफ्ट दोन-चार मिलिमीटर बाहेर राहतो आणि सीलचा ओठ भलत्याच जागेवर घासतो. एवढी बोंब असते ती.

आणि दुसरं, हे कुणी बघत न्हाई, गिअर बॉक्समध्ये तेल किती भरलं? क्लच करताना तेल काढलेलं असतंय, परत भरताना लेव्हलच्या नटाच्या भोकापर्यंत भरायचं, भोकाच्या खालच्या काठाला लागलं की थांबायचं. पण ते कधी, तर गाडी चारी बाजूंनी सपाट असताना. एका बाजूनं जॅकवर उचलून ठेवलेल्या गाडीत ती लेव्हल खोटी येते. काही जण तर तो नट उघडायला अवघड म्हणून वरनं रिव्हर्स लाइटच्या स्विचच्या भोकातनं ओततात, अंदाजे. जास्त झालं की गरम झाल्यावर ते जागा शोधतंय, आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे हीच दोन सीलं.

त्यामुळे माझा सल्ला, शाफ्ट-बिफ्ट काही बदलू नका. आधी हे करा: गाडी खालून डिझेल नाहीतर ब्रेक क्लीनर मारून एकदम स्वच्छ पुसून घ्या, गिअर बॉक्स, शाफ्ट, इंजिनचा खालचा भाग, सगळंच. मग वीस-तीस किलोमीटर चालवून परत बघा. ओलं कुठनं सुरू होतंय ते बघायचं, कुठं टपकतंय ते न्हाई. तेल वाऱ्यानं मागं उडतं आणि खाली येतं, म्हणून टपकायची जागा आणि गळायची जागा वेगळी असते. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं वाकून बघून शाफ्ट गेला म्हणाला ना, त्याला वाकून एवढंच दिसलं असणार की शाफ्ट ओला आहे.

तुम्ही सांगा, तो ओलसरपणा पातळ तेल आहे की घट्ट ग्रीस? आणि शाफ्टच्या सांध्यावरचा रबरी बूट कुठं फाटलाय का? आणि वास नेमका कसा?

---

कराडचा_पाहुणा
@पाना_नंबर_चौदा दादा, आज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. बूट दोन्ही अख्खे आहेत, चिरा नाहीत. जे आहे ते पातळच आहे, मधासारखा रंग, धुळीत मिसळून काळं झालंय. वास सांगायचा तर फटाके उडवल्यावर येतो तसा पण कुजका, लसणासारखा पण म्हणता येईल. इंजिन ऑइलची लेव्हल काडीवर व्यवस्थित आहे, ब्रेक ऑइलच्या डबीतही कमी झालेलं नाही. रविवारी धुऊन चालवून बघतो.

---

पाना_नंबर_चौदा
मग गिअर ऑइलच आहे. तो वास गंधकाचा, दातांवर दाब सहन व्हावा म्हणून त्यात घालतात. इंजिन ऑइलला तसा वास कधीच येत न्हाई. बूट फाटला असता तर घट्ट ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला गोल फेकलं गेलं असतं, आणि काही महिन्यांनी वळताना कटकट सुरू झाली असती. ते काम वेगळं, खर्चही वेगळा.

---

ओठ_आणि_स्प्रिंग
चांगला धागा चाललाय. मी काही वर्षं ऑइल सील बनवणाऱ्या युनिटमध्ये क्वालिटीला होतो, त्यामुळे थोडी रबराच्या बाजूनं भर घालतो, लांबलं तर माफ करा.

लोकांना वाटतं सील म्हणजे रबराची कडी, घट्ट बसली की तेल थांबलं. तसं नसतं. ओठ शाफ्टला अगदी हलका टेकलेला असतो आणि मधे तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो, त्याच्यावरच तो तरंगतो म्हणा. तो थर नसेल, म्हणजे ओठ कोरडा चालला, तर काही किलोमीटरमध्येच जळतो, कडक होतो. म्हणून नवीन सील बसवताना ओठाला गिअर ऑइल नाहीतर थोडं ग्रीस लावणं हे कंपल्सरी आहे आणि निम्म्या गॅरेजमध्ये ते लावलं जात नाही असा माझा अनुभव. नवीन सील महिन्याभरात गळायला लागलं की लोक म्हणतात सील डुप्लिकेट होतं. असतंही कधी कधी, पण बऱ्याचदा बसवणारा डुप्लिकेट असतो 😄

दुसरी गोष्ट रबराची. साधं सील नायट्राइल रबराचं असतं, शंभर डिग्रीच्या आसपासपर्यंत बरं चालतं, त्याच्या वर सतत राहिलं की हळूहळू कडक होत जातं. जास्त तापणाऱ्या जागी फ्लोरो रबर वापरतात, ते दोनशेपर्यंत टिकतं पण महाग. आठ-दहा वर्षं जुनं सील आतून प्लास्टिकसारखं कडक झालेलं असतं आणि तरीही गळत नाही, कारण तेवढ्या वर्षांत ओठ आणि शाफ्ट एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. आता तुम्ही शाफ्ट बाहेर काढला आणि परत घातला की तो केसभर का होईना वेगळ्या जागी बसतो, कडक ओठ नवीन जागेशी जुळवून घेत नाही, आणि गळती सुरू. म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्याचं "सील जुनं झालेलं" हे खोटं नाही, पण म्हणूनच तर शाफ्ट काढला की सील बदलायचं असतं, सील दोन-तीनशे रुपयांचं आणि मजुरी तर झालेलीच असते.

तिसरं, शाफ्टवर जिथं ओठ फिरतो तिथं बोटाचं नख फिरवून बघायला सांगा. नख अडकलं म्हणजे खाच पडलीय. रबरानं लोखंडाला खाच कशी पडते असं सगळे विचारतात. पडते, कारण रबरात धूळ रुतून बसते आणि ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. अशा खाचेवर कितीही भारी सील घाला, गळणारच. तेव्हा सील एक-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवता आलं, जागा असेल तर, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो, नाहीतर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते. शाफ्ट बदलणं हे अगदी शेवटचं.

आणि सील आणताना जुन्या सीलवर छापलेली तीन मापं बघा, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. काही गाड्यांत डावं आणि उजवं सील वेगळं असतं, ओठाच्या मागे तिरप्या रेषा असतात ज्या फिरण्याच्या दिशेनं तेल परत आत ढकलतात, आणि वर बाण छापलेला असतो. डाव्याचं उजव्याला लावलं तर ते तेल आत नेण्याऐवजी बाहेर आणून सोडतं.

---

वाशिष्ठीकाठचा
मी चिपळूणचा. कराडकर तुम्ही कुंभार्लीनं आमच्याकडेच उतरणार म्हणजे, या. तुमचा विषय पुढच्या शाफ्टचा आहे पण मी मागच्या अ‍ॅक्सलचं लिहितो कारण ते जास्त डेंजर आहे आणि इथे बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो वाले पण वाचत असतील.

मागे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत मधे क्राउन-पिनियन (ताकद चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी), दोन्हीकडे हाऊसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचाच्या, पायपातनं हाफ शाफ्ट चाकापर्यंत जातात, आणि चाकाच्या जवळ सील असतं. ते सील गेलं की तेल बाहेर जमिनीवर पडायच्या आधी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं. खाली डाग दिसेपर्यंत लायनर (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) भिजून गेलेले असतात. लक्षण काय, तर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, हँडब्रेक चढावर धरत नाही, टायरच्या आतल्या भिंतीवर तेलाचे ओघळ दिसतात, आणि ब्रेक तापल्यावर जळका वास. घाटात उतरताना हे कळलं तर काय होईल ते सांगायला नको. भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन, जाळून, पॉलिश पेपर मारून परत लावणारे महाभाग आहेत, लावू देऊ नका. तेल आत शोषलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं. आणि एका बाजूचे बदलायचे नाहीत, दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर ओढ तशीच राहते.

ड्रममध्ये ओलं दिसलं म्हणजे सीलच असंही नाही हं. व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक दाबणारा भाग) गळत असेल तर ते ब्रेक ऑइल असतं, पातळ, पाण्यासारखं, रंगाला लागलं की रंग उचलतं, आणि वर डबीत लेव्हल कमी होते. गिअर ऑइल जाड आणि घाण वासाचं. दोन्हीचा इलाज वेगळा.

आता आमच्या इथली गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुरात गावातल्या किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी बघितलं. इंजिन, वायरिंग, सीटा सगळ्यांनी साफ करून घेतलं, मागच्या हाऊसिंगकडे फार कमी जणांनी बघितलं. त्या हाऊसिंगच्या वर एक छोटं ब्रीदर असतं, कुकरच्या शिट्टीसारखं समजा, आतली हवा तापून फुगली की बाहेर सोडायला. ते चिखलानं बुजलं की दाब आत कोंडतो आणि सीलच्या ओठातनं तेल बाहेर ढकलतो. आणि उलटं पण होतं, तापलेली गाडी गार पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढून घेते, ब्रीदरमधनं नाहीतर सीलमधनं. मग तेलाचा रंग दुधाच्या कॉफीसारखा होतो. तसं तेल दिसलं तर सील नंतर, आधी तेल काढून टाका, गरज पडली तर दोनदा बदला, नाहीतर बेअरिंगला गंज धरून हाऊसिंग घुमायला लागतं.

माझ्या ओळखीतल्या एकाची पिकअप, मागच्या दोन्ही बाजूंनी गळत होती, दोन्ही सीलं बदलली, पावसाळ्यानंतर परत दोन्हीकडून सुरू. दोन्ही बाजूंनी एकदम गळतंय म्हणल्यावरच संशय यायला हवा होता. ब्रीदर काढून फुंकर मारली तर हवाच जाईना. दहा मिनिटांत साफ केलं, परत सील घातली, त्यानंतर तक्रार नाही. तेव्हा मागचं सील बदलायला सांगाल तेव्हा ब्रीदर दाखवा म्हणावं.

आणि हो, मागच्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट वर-खाली हलतो आणि नवीन सील पण आठवड्याभरात पिसतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवून बघा, खेळ लागला तर बेअरिंग आधी. काही गाड्यांत बेअरिंग आणि सील दोन्ही शाफ्टवरच रिंग दाबून बसवलेले असतात, ती रिंग कापूनच काढायला लागते आणि नवीन रिंग प्रेसवर घालावी लागते, म्हणून मजुरी जास्त सांगितली तर लगेच लुटतोय म्हणू नका.

---

निवांत_ड्रायव्हर
ठीक आहे बाबांनो, पण सील फुगवणारं लिक्विड चालतं की नाही ते कुणी सांगितलं नाही. आणि माझी चार वर्षं चाललीच ना.

---

ओठ_आणि_स्प्रिंग
कडक झालेलं रबर त्यानं थोडं मऊ होतं, फुगतं, पाझर काही दिवस कमी होतो हे खरं. पण चीर पडलेला ओठ त्यानं जोडला जात नाही, निसटलेली स्प्रिंग परत जागेवर बसत नाही, शाफ्टची खाच भरत नाही. आणि ते लिक्विड गिअर बॉक्समधल्या बाकीच्या सगळ्या सीलांना पण लागतं, जी बिचारी चांगली होती. गाडी विकायला काढणारे लोक वापरतात ते, म्हणून जुनी गाडी घेताना खाली अगदी धुऊन पुसून चकाचक गिअर बॉक्स दिसला तर मी तरी जास्त वाकून बघतो.

---

पाना_नंबर_चौदा
@निवांत_ड्रायव्हर भावा, चार वर्षं चालली म्हणतोस, तेल किती वेळा बघितलंस? बहुतेक गिअर बॉक्सला काडी नसते, इंजिनसारखा लाल दिवा नसतो, तेल संपत आलं तरी गाडी काही बोलत न्हाई. बोलते तेव्हा घूंऽऽ करून बोलते आणि तोपर्यंत बेअरिंग गेलेलं असतंय. अनेक गाड्यांत पाचवा गिअर पार टोकाला, वरच्या बाजूला असतो, तेल कमी झालं की पहिला तोच कोरडा पडतो, आणि हायवेला आपण तासन् तास त्याच गिअरवर असतो. या सगळ्या बॉक्समध्ये तेल असतंय दोन-अडीच लिटर. त्यातलं अर्धं गेलं तर काय उरलं? नुसता ओलसरपणा असेल, थेंब पडत नसेल, तर मी पण म्हणतो थांबा, लक्ष ठेवा, पुढच्या सर्व्हिसला करू. पण थेंब पडायला लागला की करून टाकायचं.

---

लेस्टरचा_सातारकर
इकडे इंग्लंडमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी असते, त्यात ब्रेकच्या लायनिंगला तेल लागलेलं दिसलं की गाडी नापास. ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटून धूळ आत जाण्यासारखा असला तरी नापास, आणि तेल जास्त गळत असेल तरीही. त्यामुळे इथे लोक सीलचं काम टाळत नाहीत, टाळता येतच नाही. इथला त्रास वेगळाच, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं शाफ्ट गंजतो आणि हबमध्ये असा चिकटून बसतो की सील बदलायला अर्धा तास आणि शाफ्ट सोडवायला अर्धा दिवस. आपल्याकडे कोकणात समुद्राकाठच्या गाड्यांना पण असाच गंज धरतो, तिथल्या मेकॅनिकला विचारा. कराडकर, गॅरेजवाल्याला शांतपणे फोटो दाखवून बोला, ओळखीतला आहे तर भांडून उपयोग नाही.

---

कराडचा_पाहुणा
मंडळी, अपडेट देतो.

रविवारी पाण्याच्या प्रेशरनं खालून धुऊन घेतली, नंतर स्वतः ब्रेक क्लीनर मारून पुसली, मसूर गावापर्यंत जाऊन आलो आणि रॅम्पवर चढवून बघितली. उजवी बाजू कोरडी ठणठणीत. डावीकडे शाफ्ट जिथं आत शिरतो तिथं, बरोबर सीलच्या खालच्या बाजूनं चंद्रकोरीसारखा ओला पट्टा. म्हणजे शंका राहिली नाही. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडावर पण बघा असं एकानं मेसेज करून सांगितलं होतं, इंजिनच्या क्रँक शाफ्टचं मागचं सील गळत असेल तर तिथनं येतं म्हणे, तिथं काही नव्हतं.

मग त्याच गॅरेजला गेलो, फोटो घेऊन. पाना दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी म्हणालो गाडी सपाट उभी करून लेव्हलचा नट उघडा. त्याचं तोंड वाकडं झालं पण उघडला. नट निघाल्या निघाल्या तेल धारेनं बाहेर यायला लागलं, बराच वेळ येत राहिलं, डबा लावला तर जवळजवळ अर्धा लिटर भरला. गळून गळून एवढं उरलं होतं म्हणजे भरलं किती असेल! तो स्वतःच गप्प झाला. मला वाटलं झालं, हेच कारण, आता थांबेल. दोन-तीन दिवस चालवली, थेंब कमी झाले पण ओलसरपणा काही गेला नाही.

शेवटी शाफ्ट काढायला लावला. यावेळी मालक स्वतः कामाला बसला, पोरग्याला दिलं नाही. जुनं सील बाहेर आल्यावर हातात घेऊन वाकवून बघितलं तर ओठाला एका जागी स्पष्ट कापलेलं, बाकी ओठ पण कडक झालेलाच होता, नखानं दाबला तर दबत नव्हता. शाफ्टवर खाच नव्हती, नख फिरवून मी स्वतः बघितलं. नवीन सील आणि नवीन सर्कलिप घातलं, ओठाला तेल लावायला मी सांगायच्या आधीच त्यानं लावलं. मजुरी घेतली नाही, सील आणि तेलाचे पैसे घेतले. शाफ्ट बदलायचे नऊ-दहा हजार वाचले म्हणायचे.

दोन प्रश्न राहिलेत. एक, उजव्या बाजूचं सील पण आताच बदलून घेऊ का? तो शाफ्ट पण क्लचच्या वेळी निघाला होताच. दोन, तेल भरताना त्यानं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भरलंय, गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-८० जीएल-४ लिहिलंय (आकडे तेलाच्या जाडीचे, जीएल म्हणजे तेलाचा प्रकार). तो म्हणतो जीएल-५ म्हणजे वरचं, जास्त चांगलं. खरं का?

---

पाना_नंबर_चौदा
मालकानं मजुरी सोडली म्हणजे माणूस बरा आहे, गिऱ्हाईक तोडू नका.

तेलाचं आधी. जीएल-५ वरचं न्हाई, वेगळं. ते मागच्या क्राउन-पिनियनसाठी, तिथं दात एकमेकांवर घसटत फिरतात म्हणून त्यात गंधकाचं ते औषध जास्त असतं. तुमच्या गिअर बॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंगा आहेत, गिअर टाकताना ज्या गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवतात. जास्त गंधक पितळेला मानवत न्हाई, वर ते तेल घसरडं असल्यानं रिंगेची पकड कमी होते आणि गिअर अडकत पडतो. शिवाय ८०डब्ल्यू-९० सकाळी गार असताना जाड, पहिला-दुसरा जड जाणार. लगेच काही फुटणार न्हाई, पण कोकणात जायच्या आधी काढून पुस्तकातलं तेल भरा. आणि भरताना तुम्ही स्वतः उभं राहा, सपाट जागा, भोकाच्या काठापर्यंत, बास. ड्रेन नटचा वॉशर पण नवीन टाकायला सांगा, नाहीतर पुढच्या आठवड्यात "आता खालून गळतंय" म्हणून नवीन धागा काढाल.

उजव्या सीलचं, कोरडं आहे ना? मग हात लावू नका. लोक म्हणतील जोडीनं बदला, पण ब्रेक लायनरसारखं हे जोडीचं काम न्हाई. चांगलं बसलेलं उगाच उकरायचं, स्क्रू ड्रायव्हरनं हाऊसिंगला ओरखडा पाडायचा आणि मग बाहेरच्या कडेनं गळायला लावायचं, हे मी लई बघितलंय. पुढं कधी त्या बाजूचा शाफ्ट काढायचं काम निघालं, तेव्हा सील आणि सर्कलिप आणून ठेवा. आणि कधी दोन्ही काढायची वेळ आलीच तर एकावेळी एकच शाफ्ट काढायला सांगा, काही गाड्यांत दोन्ही एकदम निघाले की आतले डिफरन्शिअलचे (वळताना दोन्ही चाकांना वेगळा वेग देणाऱ्या भागाचे) छोटे गिअर जागेवरनं सरकतात आणि मग परत शाफ्ट बसवताना सगळं गॅरेज घाम गाळतंय.

---

ट्रेलरवाला_इंदापूर
मध्येच विचारतो, माझ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ड्रमच्या बाजूला काही नाही, पण हाऊसिंगच्या पुढच्या तोंडाला, प्रोपेलर शाफ्ट (गिअर बॉक्सपासून मागे येणारा लांब दांडा) जोडतो तिथं ओलं आहे. हे पण अ‍ॅक्सल सीलच का? लोकल मेकॅनिक म्हणतो अर्ध्या तासाचं काम.

---

वाशिष्ठीकाठचा
ते पिनियनचं सील, म्हणजे प्रोपेलर शाफ्टनं फिरणाऱ्या आतल्या छोट्या गिअरचं. काम अर्ध्या तासाचंच दिसतं पण तिथला मधला मोठा नट सोडला की पिनियनच्या बेअरिंगचा ताण त्याच्यावरच असतो, आत चेपणारी एक स्लीव्ह असते तिच्यावर तो ताण बांधलेला असतो. सोडायच्या आधी नट, शाफ्ट आणि फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) तिघांवर पंचनं खूण करून घ्यायला सांगा आणि नटाचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून ठेवायला सांगा, परत त्याच खुणेवर आणायचा. एअर गन लावून टर्रर करून आवळणाऱ्याकडे देऊ नका, जास्त आवळला की बेअरिंग तापतं, ढिला राहिला की क्राउन रडायला लागतो. आणि उसाच्या ट्रॉल्या ओढत असाल त्याच गाडीनं, तर ब्रीदर आधी बघा, तुमच्याकडची ती काळी माती वाळली की सिमेंट होते.

---

ट्रेलरवाला_इंदापूर
ब्रीदर कुठं असतं तेच माहीत नव्हतं. आत्ता खाली जाऊन बघितलं, वर टोपी आहे, फिरत पण नाही, मातीनं पार लिंपलीय. उद्या काढून डिझेलात टाकतो, मग चार दिवस बघतो ओलं कमी होतंय का, त्यानंतरच नटाला हात.